ट्रायलचा आकडा समोरच्या बाईला लागू होतो का, हे कसं बघायचं

नवा पेपर हातात आला की सारांशातली शेवटची दोन वाक्यं मी तळहाताखाली झाकते आणि मगच वाचायला घेते. निष्कर्ष आधी वाचला की पुढचं सगळं त्याच्याच बाजूने दिसायला लागतं. नव्या रेसिडेंटना हे जरा नाटकी वाटतं. वाटू दे.

आमच्या शाखेत पटणाऱ्या उपचारांचा तुटवडा कधीच नव्हता. तुटवडा होता तो तपासून घेतलेल्या उपचारांचा. पुराव्याकडे सगळ्यात कमी लक्ष देणारी शाखा म्हणून ब्रिटिश डॉक्टर आर्ची कॉक्रन यांनी १९७९ मध्ये प्रसूतिशास्त्रालाच 'लाकडी चमचा', म्हणजे शेवटच्या नंबराचं चेष्टेतलं बक्षीस, देऊ केला, आणि तो उगाच नव्हता. डायएथिलस्टिलबेस्ट्रॉलचंच बघा. गर्भ टिकावा म्हणून दिल्या जाणाऱ्या या हॉर्मोनचा काही उपयोग होत नाही, हे शिकागोच्या ट्रायलने, म्हणजे बायकांचे दोन गट करून औषध तपासणाऱ्या चाचणीने, १९५३ मध्ये दाखवलं होतं. तरी ते लिहून दिलं जातच राहिलं. १९७१ मध्ये, ज्यांच्या आयांनी ते घेतलं होतं अशा तरुण मुलींमध्ये योनीचा दुर्मीळ कर्करोग सापडला, तेव्हा कुठे हात आखडले.

आता कामाचं. पहिलं म्हणजे प्रश्न नीट लिहा, कागदावर. "प्रोजेस्टेरॉन द्यायचं का, मॅडम?" हे राउंडला सतत कानावर येतं; गर्भ टिकावा म्हणून दिलं जाणारं हे आणखी एक हॉर्मोन. मी विचारते, कुणाला? कशासाठी? कधीपासून? न दिलं तर काय होईल? ही उत्तरं नसतील तर पेपर शोधूच नका, भलताच सापडेल.

प्रोजेस्टेरॉनचे दोन मोठे ट्रायल आहेत आणि दोन्हींतल्या बायका वेगळ्या आहेत. प्रॉमिस ट्रायल २०१५ चा. कारण न सापडता तीन किंवा अधिक गर्भपात झालेल्या ८३६ जणी, टेस्ट पॉझिटिव्ह आली की औषध सुरू. औषध घेतलेल्यांत सुमारे ६६ टक्के जणींना बाळ झालं, प्लासिबो (दिसायला तसंच, पण आत औषध नसलेलं) घेतलेल्यांत ६३ टक्के जणींना. हा फरक योगायोगानेही पडू शकतो. प्रिझम ट्रायल २०१९ चा, सुरुवातीच्या आठवड्यांत अंगावरून रक्त जायला लागलेल्या ४१५३ जणींचा. एकत्र धरलं तर ७५ विरुद्ध ७२ टक्के, म्हणजे हाही निकाल काठावरच. पण आधी एकही गर्भपात न झालेल्यांत काही फरक नव्हता, आणि तीन किंवा अधिक झालेल्यांत ७२ विरुद्ध ५७ असा भरघोस होता. इथे लगेच हुरळू नका. तो गट तीनशेहूनही लहान होता, आणि मोठ्या ट्रायलच्या पोटातला लहान गट कधीकधी फसवतो. तरीही आधीच्या गर्भपातांची संख्या वाढेल तसा फायदा पायरीपायरीने वाढत गेला, म्हणून मी तो मोडीत काढत नाही. माझ्या टेबलावर निर्णय असा होतो: आधी गर्भपात झालाय, आता रक्त जातंय आणि गर्भ पिशवीतच आहे हे सोनोग्राफीत दिसलंय, तर देते. पहिलटकरणीला थोडे डाग दिसले म्हणून देत नाही. आणि तीन गर्भपातांनंतर पुन्हा दिवस राहिलेल्या बाईला मी प्रॉमिसमधला दुसराच आकडा सांगते: काहीही औषध नसलेल्या शंभरातल्या ६३ जणींना बाळ झालं. ते ऐकून तिचा चेहरा थोडा तरी सैल होतो.

दुसरं, टक्केवारी आली की ती हजार बायकांवर मांडा. 'धोका दुप्पट' हा शब्द एकट्याने काहीच सांगत नाही. १९९५ मध्ये ब्रिटनमध्ये जाहीर झालं की काही नव्या गर्भनिरोधक गोळ्यांमुळे रक्ताच्या गुठळीचा धोका दुप्पट होतो. प्रत्यक्षात तो सात हजारांत एकीवरून सात हजारांत दोघींवर गेला होता. घाबरून कित्येक जणींनी गोळ्या टाकून दिल्या आणि पुढच्या वर्षी करून घेतलेल्या गर्भपातांची संख्या वाढली. त्यात गंमत अशी, की गरोदरपणात गुठळीचा धोका त्या गोळ्यांपेक्षा जास्त असतो.

हिशेब सोपा आहे, पेपरच्या समासातच करा. मॅगपाय ट्रायल, २००२, प्रीएक्लॅम्प्सियाच्या (गरोदरपणात बीपी वाढून झटक्यांपर्यंत जाऊ शकणारा आजार) दहा हजारांवर बायका. प्लासिबो गटात हजारात १९ जणींना झटके आले, मॅग्नेशियम सल्फेट दिलेल्यांत ८ जणींना. फरक ११. हजाराला अकराने भागा, ९१ येतात. म्हणजे एकीचे झटके टाळायला साधारण ९१ जणींना इंजेक्शन द्यावं लागतं. आता दुसरी बाजू त्याच हजारावर: औषधाचा त्रास हजारात २४० जणींना झाला, प्लासिबो गटात ५० जणींना, आणि त्यात बहुतेकदा अंग गरम होणं, चेहरा लाल होणं एवढंच. झटके म्हणजे काय हे ज्याने लेबर रूममध्ये पाहिलंय, त्याला हा सौदा फायद्याचा वाटणारच. बीपी फार वाढलेल्या, डोकं दुखणाऱ्या, डोळ्यांपुढे चमकणाऱ्या बाईचा मुळातला धोका १९ पेक्षा पुष्कळ जास्त असतो, तिथे ९१ चा आकडा आणखी खाली येतो. म्हणून समोरच्या बाईचा मुळातला धोका किती, हे आधी ठरवा.

आकड्यासोबत पट्टाही वाचा, म्हणजे खरा फरक कमीत कमी किती आणि जास्तीत जास्त किती असू शकतो ती मर्यादा. दोन्ही टोकांना तुमचा निर्णय तोच राहत असेल तर पुढे जा.

तिसरं जरा सविस्तर सांगते, कारण शिकलेसवरलेले लोक इथेच घसरतात. औषध तेच, पण जागा वेगळी, आणि निकाल उलटा. अपुऱ्या दिवसांच्या बाळाची फुप्फुसं तयार व्हावीत म्हणून आईला स्टेरॉइड द्यायचं, हे लिगिन्स आणि हॉवी यांनी न्यूझीलंडमध्ये १९७२ मध्ये दाखवलं. पुढे अनेक ट्रायल झाले, तरी बहुसंख्य डॉक्टर वर्षानुवर्षं ते देत नव्हते. त्याच कॉक्रन यांच्या नावाने चालणाऱ्या, सगळे ट्रायल एकत्र करून तपासणाऱ्या कॉक्रन संस्थेच्या बोधचिन्हात ज्या आडव्या रेघा आहेत ना, त्या याच ट्रायलच्या. मग वाटलं, इतकं चांगलं औषध गावोगावी पोचवू. २०१५ मध्ये सहा देशांतल्या एका मोठ्या ट्रायलने तेच केलं आणि एकूण बाळांचे मृत्यू कमी व्हायच्या ऐवजी थोडे वाढले. आयांमध्ये जंतुसंसर्गाची शंकाही वाढली. २०२० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेचा ॲक्शन ट्रायल आला: बांगलादेश, भारत, केनिया, नायजेरिया आणि पाकिस्तानातली २९ रुग्णालयं, डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड. तिथे बाळांचे मृत्यू २३.५ टक्क्यांवरून १९.६ वर आले. साधारण २५ आयांना औषध दिलं की एक बाळ वाचतं.

मग २०१५ मध्ये काय वेगळं होतं? बऱ्याच जणींचे दिवस नक्की माहीत नव्हते. पूर्ण दिवसांच्या कित्येक बायकांना अपुरे दिवस समजून औषध मिळालं. जन्मलेल्या बाळाला सांभाळायची सोय सगळीकडे नव्हती. ॲक्शनमध्ये सोनोग्राफीने दिवस पक्के केले होते आणि नवजात बाळांचा विभाग हाताशी होता.

त्यामुळे ॲम्प्यूल फोडण्याआधी माझे प्रश्न ठरलेले. पहिल्या तीन महिन्यांतली सोनोग्राफी कुठे आहे? रिपोर्ट हातात द्या, तोंडी नको. दिवस २४ ते ३४ आठवड्यांत बसतात का? आठवडाभरात बाळंत होईल असं खरंच वाटतंय, की नुसत्या पोटातल्या कळा आहेत? ताप, घाण वासाचं पाणी, नाडी जलद? बाळ इथे सांभाळता येईल, की आईलाच आधी मोठ्या रुग्णालयात पाठवायला हवं? उत्तरं जमली तर डेक्सामेथासोन ६ मिलीग्रॅम दर बारा तासांनी चार वेळा, स्नायूत. 'देऊन ठेवू, नुकसान तर काही नाही' हे वाक्य माझ्या वॉर्डात चालत नाही.

चौथी गोष्ट म्हणजे परिणाम कोणता मोजला. यंत्रावरची रेघ सुधारली की बाई-बाळाचं भलं झालं, हे दोन वेगळे दावे आहेत. डब्लिनमध्ये १९८५ मध्ये तेरा हजारांच्या आसपास बाळंतपणांत सतत सीटीजी (पोटावर पट्टा बांधून बाळाचे ठोके नोंदवणारं यंत्र) आणि थांबून-थांबून ठोके ऐकणं यांची तुलना झाली. सतत यंत्र लावलेल्यांत नवजात बाळांचे झटके निम्मे झाले. मृत्यू तेवढेच राहिले, आणि पुढे मुलं मोठी झाल्यावर सेरेब्रल पाल्सीतही (मेंदूला इजा होऊन हालचालीत येणारं अपंगत्व) फरक दिसला नाही. सगळे ट्रायल एकत्र केले तर सिझर मात्र वाढतात. म्हणून धोका नसलेल्या बाळंतपणात मी पट्टा बांधत नाही. कळा जोरात सुरू झाल्यावर दर १५ ते ३० मिनिटांनी, आणि बाळ खाली ढकलायच्या वेळी दर पाच मिनिटांनी, पूर्ण एक मिनिट ठोके ऐकायचे. पूर्ण एक मिनिट! पंधरा सेकंद ऐकून चारने गुणणारे मला लांबूनही ओळखू येतात.

आणि थोडी वाट बघा. पायाळू बाळांसाठी ठरवून सिझर बरं, असं २००० च्या मोठ्या ट्रायलमध्ये आलं आणि जगभर पद्धत बदलली. २००४ मध्ये त्याच मुलांचा दोन वर्षांचा निकाल आला, त्यात मृत्यू आणि वाढीतल्या अडचणी धरून दोन्ही गट सारखेच होते. तोवर पायाळू बाळ खालून काढायला शिकलेले हात कमी झाले होते.

हे सगळं जमलं तरी पुरावा कागदावरच राहू शकतो. त्याला वॉर्डात आणायचं तर निबंध उपयोगी नाही, ट्रे उपयोगी आहे. बाळंतपणानंतर किती रक्त गेलं हे आपण डोळ्यांनी ठरवतो आणि नेहमी कमी धरतो. ई-मोटिव्ह ट्रायल २०२३ मध्ये आला: केनिया, नायजेरिया, दक्षिण आफ्रिका आणि टांझानियातली ८० रुग्णालयं. बाईच्या खाली खुणा केलेली प्लास्टिकची पिशवी, आणि रक्त जास्त दिसलं की सगळे उपाय एकदम. नेहमीच्या पद्धतीत अर्ध्याच केसेस वेळेत ओळखल्या गेल्या, पिशवीमुळे ९३ टक्के ओळखल्या गेल्या. गंभीर परिणाम ४.३ टक्क्यांवरून १.६ वर आले.

यात नवं औषध एकही नाही. पिशवी मात्र नीट लावावी लागते: बाळ बाहेर आलं की लगेच, कमरेखाली, नळीसारखं टोक खाली लोंबतं ठेवून. खुणा दिसतील असा उजेड हवा. ५०० मिलीलिटरला थांबून विचार करायचा नाही, कामाला लागायचं. ३०० झालं आणि नाडी किंवा बीपी बिघडलं, तरी तेच. गर्भाशय चोळणं, ते आकसावं म्हणून ऑक्सिटोसिन, रक्त थांबावं म्हणून ट्रॅनेक्सॅमिक ॲसिड, सलाईन, आणि फाटलंय कुठे, वार राहिलीय का, हे तपासणं. ट्रॅनेक्सॅमिक एक ग्रॅम, दहा मिनिटांत शिरेतून, बाळंतपणापासून तीन तासांच्या आत; उशिराच्या दर पंधरा मिनिटांमागे फायदा साधारण दहा टक्क्यांनी घटतो. म्हणजे औषध कुलूपबंद कपाटात आणि चावी घरी गेलेल्या सिस्टरकडे असेल, तर याच औषधाच्या, वीस हजार बायकांच्या वूमन ट्रायलचा तुमच्या बाळंतिणीला काडीचा उपयोग नाही. ट्रे लेबर टेबलच्या हाताच्या अंतरावर ठेवा. प्रत्येक पाळीला कुणीतरी उघडून बघा आणि सही करा.

आता बाईला सांगायचं कसं. फायदा आणि तोटा दोन्ही एकाच हजारावर सांगा, एक टक्क्यात आणि दुसरा 'थोडासा' अशा शब्दात नको. ३९ आठवड्यांना कळा सुरू करून द्याव्यात का, यावर अमेरिकेचा अराइव्ह ट्रायल २०१८ चा: धोका नसलेल्या पहिलटकरणी, वाट बघणाऱ्यांत हजारात २२२ सिझर, कळा आणवलेल्यांत १८६. बाळांच्या त्रासात ठाम म्हणावा असा फरक नाही. मी हे असंच सांगते आणि गप्प बसते. एखादी लगेच म्हणते, "मग करूनच टाका." दुसरी म्हणते, "आपोआप येऊ दे की." दोघींचंही बरोबर असू शकतं. त्या ट्रायलमध्येही ज्यांना विचारता आलं असतं त्यांतल्या साधारण चौथाई जणीच सहभागी झाल्या होत्या, म्हणजे नको म्हणणाऱ्या भरपूर होत्या.

सगळ्यात अवघड प्रश्न नातेवाईक दारात विचारतात: "म्हणजे काहीच औषध देणार नाही?" तेव्हा 'गरज नाही' एवढं म्हणून निघू नका. काय टाळतोय, का टाळतोय, कशावर लक्ष ठेवणार आणि काय झालं तर लगेच यायचं, हे चार वाक्यांत सांगा. मग केस पेपरवर तेच लिहा: काय सुचवलं, कोणते आकडे सांगितले, ती काय म्हणाली, पुन्हा कधी बघणार. 'समजावून सांगितले' एवढ्यावर सही करू नका. रात्रपाळीच्या डॉक्टरला त्यातून काहीही कळत नाही.