व्यंग असलेल्या पिल्लांचा निर्णय कसा घ्यावा

गावरान किंवा सुधारित जातीच्या कोंबडीची अंडी घरच्या घरी उबवणाऱ्याला एकविसाव्या दिवशी फेंगड्या पायांचे, वाकड्या बोटांचे किंवा उघड्या नाभीचे पिल्लू कधी ना कधी दिसतेच. अशा वेळी उपचार केल्यानंतर ते स्वतःच्या पायांनी खाद्यापर्यंत आणि पाण्यापर्यंत पोहोचू शकेल का, हा प्रश्न सर्वांत आधी विचारावा. पिल्लाची किंमत, घरातील मुलांचा हट्ट आणि आपली हळहळ यांचा विचार त्यानंतर. मात्र अंड्यातून नुकतेच निघालेले पिल्लू काही तास धडपडत, अडखळतच चालते. ते पूर्ण वाळून उभे राहण्याची संधी मिळेपर्यंत त्याला व्यंग आहे असे ठरवू नये. पोटात शोषलेला बलक त्याला पहिले दोन दिवस पुरत असल्याने चारण्याची घाईही नको.

सर्वांत जास्त आढळणारे आणि सर्वांत सहज सुधारणारे व्यंग म्हणजे फेंगडे पाय. पिल्ले गुळगुळीत ट्रेवर किंवा वर्तमानपत्रावर ठेवली की पाय दोन्ही बाजूंना घसरतात आणि सांधे त्याच स्थितीत घट्ट होऊ लागतात. यावर उपाय असा की कापडी चिकटपट्टीची अरुंद पट्टी कापून दोन्ही पायांभोवती सैलसर गुंडाळावी आणि मध्ये एवढेच अंतर ठेवावे की पाय नैसर्गिकपणे शरीराच्या खाली येतील. पिल्लू खडबडीत गोणपाटावर ठेवावे आणि पट्टी रोज सोडून पाहावी, कारण पिल्लू झपाट्याने वाढते व पट्टी पायात रुतू शकते. पहिल्या दोन दिवसांत सुरुवात केली तर बहुधा तीन-चार दिवसांत पिल्लू नीट चालते. आठवडाभर वाट पाहून केलेला हाच उपाय सहसा वाया जातो.

वाकडी बोटे सरळ करून पातळ पुठ्ठ्याच्या तुकड्यावर चिकटपट्टीने बसवता येतात. मात्र पिल्लू काही दिवसांचे झाल्यावर बोटे आत वळू लागली आणि ते गुडघ्यासारख्या दिसणाऱ्या सांध्यावर बसून चालू लागले, तर रायबोफ्लेविनची, म्हणजे बी-२ जीवनसत्त्वाची, कमतरता असण्याची शक्यता मोठी असते. तेव्हा पुठ्ठ्यापेक्षा पाण्यातून दिलेले बी-कॉम्प्लेक्स महत्त्वाचे ठरते, आणि तेही लवकर, कारण मज्जातंतूंची हानी जुनी झाली की भरून येत नाही.

नाभी उघडी राहून बाहेर राहिलेला बलक ओढू नये किंवा कापू नये. पिल्लू स्वच्छ, ओलसर कापडावर उबवणी यंत्रातच ठेवावे आणि नाभीला पोव्हिडोन आयोडीन लावावे. पोट फुगून दुर्गंधी येऊ लागली तर तो जिवाणूसंसर्ग असतो. ते पिल्लू वाचण्याची आशा धरू नये व इतरांत मिसळू देऊ नये. तिरकी चोच उपचाराने सरळ होत नाही, पण ती थोडीच तिरकी असेल तर खोल भांड्यातील ओलसर खाद्यावर असा पक्षी चांगला जगतो. सांध्यावरील स्नायुबंध घसरून पाय बाहेर वळला असेल तर अनुभवी हाताने सुरुवातीलाच तो जागी बसला तर बसला. अन्यथा पिल्लू वेदनेतच राहते. मेंदू उघडा असलेल्या पिल्लाच्या बाबतीत उपचाराचा विचार करत बसण्यात अर्थ नाही, त्याचा लगेच अंत करावा.

वाकड्या मानेविषयी मात्र सावध असावे. ती जीवनसत्त्वांच्या कमतरतेने होते, तशी राणीखेत या विषाणूमुळे झपाट्याने पसरणाऱ्या रोगातही होते. एकापेक्षा जास्त पक्ष्यांची मान वळली, हिरवी हगवण किंवा श्वासाचा त्रास दिसला, तर त्याला व्यंग न समजता पक्षी वेगळे करून पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवावे.

उपचारासाठी तीन-चार दिवसांची मुदत आधीच ठरवावी. या काळात पिल्लाला इतरांच्या चोचींपासून दूर, पण शक्यतो एका शांत सोबत्याबरोबर ठेवावे. मुदत संपूनही ते उभे राहत नसेल किंवा हाताने भरवल्याशिवाय खात नसेल, तर त्याचे हाल लांबवू नयेत. पाण्यात बुडवणे, प्लास्टिकच्या पिशवीत कोंडणे किंवा उकिरड्यावर जिवंत टाकणे ही क्रूरता आहे. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा 1960 चा कायदा कोंबड्यांनाही लागू आहे. पशुवैद्याकडून किंवा मान झटक्यात निखळवण्याचे तंत्र प्रत्यक्ष शिकलेल्या व्यक्तीकडून क्षणार्धात अंत करावा आणि कुत्री उकरणार नाहीत इतक्या खोल खड्ड्यात चुना टाकून पुरावे.

एखादे सदोष पिल्लू योगायोगाने निघते, पण एकाच घाण्यात अनेक निघाली तर कारण शोधावे. पंखा असलेल्या यंत्रात अंड्यांच्या उंचीवर तापमान साधारण 37.5 अंश सेल्सिअस आहे का, भारनियमनानंतर ते वर चढते का, शेवटच्या तीन दिवसांत आर्द्रता 65 ते 70 टक्के राहते का, हे तपासावे. अंड्यातील जीवनसत्त्वे कोंबडीच्या आहारातून येतात. निव्वळ ज्वारी आणि तांदळाच्या कणीवर ठेवलेल्या कोंबड्यांना लसूणघास व समतोल खाद्य द्यावे. एकच कोंबडा वर्षानुवर्षे स्वतःच्याच मुलींवर चालवला जात असेल तर तो बदलावा. घसरण्यामुळे पाय फाकलेली आणि पुढे सुधारलेली तलंग (तरुण कोंबडी) अंड्यांसाठी खुशाल ठेवावी. तिरक्या चोचीच्या कोंबडीची अंडी मात्र खाण्यापुरतीच वापरावीत, उबवायला ठेवू नयेत.