छायाचित्रावरून फळमाशी ओळखताना

काटोल-नरखेडकडील संत्राबागांत मिथाइल युजेनॉलच्या (नर फळमाश्यांना ओढणाऱ्या गंधद्रव्याच्या) सापळ्यात सापडणाऱ्या फळमाश्या वरवर सारख्याच दिसतात; म्हणून पाठीचे, कुशीचे आणि अगदी समोरून चेहऱ्याचे, अशी वेगवेगळी छायाचित्रे घ्यावीत. बॅक्ट्रोसेरा डॉर्सॅलिस या जातीच्या पंखाच्या पुढच्या कडेने टोकापर्यंत सलग गडद पट्टी जाते, तर बॅक्ट्रोसेराच्याच झोनाटा आणि करेक्टा या जातींत ती तुटून टोकाशी ठिपका उरतो. या दोघींपैकी झोनाटाच्या चेहऱ्यावर दोन सुटे काळे ठिपके असतात. करेक्टाच्या चेहऱ्यावर ते जुळून आडवी रेघ होते, आणि नेमका हाच फोटो बहुतेक जण काढत नाहीत. रंगावर विसंबू नये, कारण सापळ्यात वाळलेली माशी काळवंडते. नागपुरी उन्हात पंख चकाकून पट्टी पुसट दिसते, तेव्हा माशी सावलीत, पांढऱ्या कागदावर पंख पसरून ठेवावी. डॉर्सॅलिसच्या अगदी जवळच्या जाती छायाचित्रावरून खात्रीने वेगळ्या काढता येत नाहीत. तेथे ‘डॉर्सॅलिस गट’ एवढीच नोंद करून नमुना ९५ टक्के अल्कोहोलमध्ये जपावा.