बूटेबल डीव्हीडी बूट का होत नाही?

बूटेबल डीव्हीडी म्हणजे जिच्यावरून संगणक सुरू (बूट) करता येतो अशी डिस्क. बर्न केलेली, म्हणजे लिहिलेली, डिस्क आधी उघडून बघा. आत एकच आयएसओ फाइल (पूर्ण डिस्कची एका फाइलमधली प्रत, म्हणजेच इमेज) दिसली, तर चूक तिथेच आहे: फाइल नुसती कॉपी झाली, इमेज लिहिली गेली नाही. बूटची माहिती इमेज उलगडून लिहिली तरच डिस्कवर योग्य जागी बसते. विंडोज ७ किंवा पुढच्या आवृत्तीत आयएसओवर राइट-क्लिक करून 'बर्न डिस्क इमेज' निवडा आणि व्हेरिफायच्या (लिहिलेले बरोबर आहे का ते तपासण्याच्या) चौकटीत टिक करा. त्यात वेळ जातो, पण ती पायरी कधीही गाळू नका.

साइज आधी तपासा. ४.७ जीबीच्या डीव्हीडीवर विंडोजच्या हिशेबाने जेमतेम ४.३८ जीबी मावते. त्याहून मोठ्या इमेजला ८.५ जीबीची ड्युअल लेयर डिस्क लागते.

'पॉवर कॅलिब्रेशन एरर' आली, तर रायटरला (डिस्क लिहिणाऱ्या ड्राइव्हला) त्या डिस्कसाठी लेझरची ताकद ठरवता आलेली नसते. सॉफ्टवेअर पुन्हा टाकून उपयोग नाही. दुसऱ्या कंपनीची डिस्क घ्या, स्पीड ४एक्स किंवा ८एक्स ठेवा, लेन्स साफ करा.

डिस्क ठीक असूनही विंडोजच सुरू होते? संगणक सुरू होताना बूट मेन्यू उघडून (कळ बहुधा एफ१२, एफ११ किंवा एस्केप) त्यातून डीव्हीडी ड्राइव्ह निवडा. 'प्रेस एनी की' दिसताच लगेच कळ दाबा. ती ओळ काही सेकंदच टिकते.