पिल्लाचे पाय फाकलेत? पट्टी बांधायच्या आधी हे बघा

अंड्यातून नुकतं निघालेलं कोंबडीचं पिल्लू काही तास लडबडतंच, ते पाहून लगेच घाबरायचं कारण नाही. पण अंग वाळलं, पिसं फुलली, एक दिवस उलटला तरी ते उभं राहत नसेल, तर मात्र वाट बघू नका. पहिल्या दोन-तीन दिवसांत पाय वळवाल तसे वळतात. आठवडा गेला की तेच काम फार अवघड होतं.

करवीर, कागल, पन्हाळ्याकडच्या गावांत खुडूक कोंबडीच्या जोडीला आता घरगुती उबवणी यंत्रंही दिसतात. पाय फाकण्याचा त्रास यंत्रातल्या पिल्लांत जास्त. ट्रे गुळगुळीत असतो, त्यात लाईट गेली की तापमान खाली-वर होतं.

आधी पिल्लू पोत्यावर ठेवा आणि मागून बघा. दोन्ही पाय बाहेर घसरतात, की बोटं मुडपली आहेत, की मधला सांधा सुजून पाय आडवा वळलाय? तिन्हींचे इलाज वेगळे आहेत.

पाय फाकले असतील तर जखमेवर लावतात ती चिकटपट्टी घ्या. उभी कापून साधारण अर्धा सेंटिमीटर रुंद करा. एकानं पिल्लू फडक्यात धरायचं, दुसऱ्यानं बांधायचं. सांध्याच्या खाली, नळीभोवती पट्टीचा एक वेढा, मधे अंतर, मग दुसऱ्या पायाला वेढा. गादीचा भाग दोन पायांच्या मधे ठेवा आणि टोकं पायांभोवती फिरवून पट्टीवरच चिकटवा. अंतर पिल्लू नीट उभं राहील एवढंच, म्हणजे अडीच सेंटिमीटरच्या आसपास. गावरान पिल्लू बारीक असेल तर त्याहून कमी. दोरा किंवा रबर कधीच बांधू नका, रक्त अडतं. पाऊल गार, निळसर किंवा सुजलेलं दिसलं तर पट्टी तिथल्या तिथं सोडा.

सुरुवातीला पिल्लू तोंडावर आपटेल. हातानं उभं करत राहा, पण खरा इलाज खालची जमीन करते. वर्तमानपत्र अजिबात नको, त्यावर चांगले पायही घसरतात. पोतं किंवा खरखरीत फडकं अंथरा. पाण्याच्या उथळ भांड्यात खडे टाका, नाहीतर अधू पिल्लू त्यातच बुडायचं. ऊब पहिल्या आठवड्यात ३५ अंशांच्या आसपास हवी. पिल्लू भराभर वाढतं, म्हणून पट्टी रोज सोडून पुन्हा बांधा. बहुतेकांना तीन ते पाच दिवस पुरतात.

मुडपलेल्या बोटांना बूट लागतो. जुन्या लग्नपत्रिकेचा पुठ्ठा यासाठी झकास. पावलापेक्षा थोडा मोठा तुकडा कापा, तीन बोटं पुढं आणि एक मागं अशी सरळ पसरा, वरून-खालून चिकटपट्टी लावा. एक-दोन दिवसांनी काढून बघा. तेवढ्यात पुष्कळदा काम होतं.

पण दोन्ही पावलांची बोटं आत वळली आहेत आणि पिल्लू सांध्यांवर बसून सरकतंय, तर बुटानं काही होणार नाही. ही बी-२ जीवनसत्त्वाची कमतरता असू शकते आणि ती एक-दोन आठवड्यांच्या पिल्लांतही दिसते. पशुवैद्यकाला विचारून बी-कॉम्प्लेक्स पाण्यातून द्या. उजेडात बी-२ नासतं, म्हणून ते पाणी उन्हात ठेवू नका. उशीर झाला की नसांचं नुकसान भरून येत नाही.

तिसरा प्रकार, म्हणजे सांधा सुजून पाय आडवा वळलेला, सगळ्यात वाईट. सांध्यामागची शीर, म्हणजे स्नायू हाडाला जोडणारा दोर, खाचेतून सरकलेली असते. पाय हळूच मागं ताणून अंगठ्यानं ती जागेवर बसवता येते, पण ती पुन्हा सटकते आणि पिल्लाला वेदना होतात. हे काम घरी करू नका, डॉक्टरांकडूनच करून घ्या.

एकाच कळपातल्या अंड्यांतून अशी पिल्लं वारंवार निघत असतील, तर कोंबड्या काय खातात ते बघा. नुसता मका आणि कण्या घातल्या की मँगनीज, जीवनसत्त्वं कमी पडतात आणि ती उणीव अंड्यातून पिल्लात उतरते. पंख्याच्या यंत्रात तापमान ३७.५ अंशांवर स्थिर ठेवा, आणि अठराव्या दिवशी अंडी फिरवणं थांबवाल तेव्हाच ट्रेमध्ये खरखरीत जाळी टाका. खाणं आणि तापमान ठीक असूनही त्याच जोडीची पिल्लं अधू निघत असतील, तर तिची अंडी पुन्हा उबवू नका.

महिन्याभराचं पिल्लू अचानक एक पाय पुढं, एक मागं टाकून पडलं, तर तो मरेक हा कोंबड्यांचा विषाणूजन्य रोग असू शकतो. तिथं पट्टीचा उपयोग नाही. ते पिल्लू वेगळं ठेवा आणि सरकारी पशुवैद्यकीय दवाखाना गाठा, किंवा १९६२ या जनावरांच्या मदत क्रमांकावर फोन लावा.