घाट उतरला की इंजिन बदलतं: सुपरचार्ज्ड गाड्यांवर काम शिकू पाहणाऱ्यांसाठी

प्लगच्या पांढऱ्या पोर्सिलेनवर मिरपूड शिंपडल्यासारखे काळे ठिपके होते. टॉर्च तिरपी धरली की त्यात दोन-तीन कण चांदीसारखे चमकायचे. ते अ‍ॅल्युमिनियम होतं, पिस्टनचं. आणि त्या गाडीचा मॅप, म्हणजे पेट्रोल किती द्यायचं आणि ठिणगी कधी टाकायची हे इंजिनच्या कॉम्प्युटरला सांगणारा तक्ता, मी लिहिला होता.

गाडी जुनी मर्सिडीज सी २०० कॉम्प्रेसर. १.८ लिटर, चार सिलिंडर, सुपरचार्जर (इंजिनच्या बेल्टवर फिरून आत जास्त हवा ढकलणारा ब्लोअर) कारखान्यातूनच बसून आलेला, ताकद मागच्या चाकांना. बेळगावात अशा गाड्या हाताच्या बोटांवर मोजाव्यात इतक्याच. मालकांना सुपरचार्जरची पुली लहान करून हवी होती. पुली लहान केली की ब्लोअर जास्त फिरतो, जास्त हवा ढकलतो. पुली बदलणं अर्ध्या दिवसाचं काम. त्यानंतर जे करावं लागतं ते शिकायला मला कितीतरी वर्षं लागली, म्हणून हे लिहितोय. डिप्लोमा करून या लाइनीत येऊ बघणारी पोरं मला विचारतात, "दादा, ट्यूनिंग कुठं शिकायचं?" माझं शिक्षण उद्यमबागेतल्या, म्हणजे बेळगावच्या औद्योगिक वसाहतीतल्या, एका गॅरेजात झालं, आणि सुरुवात शेजारच्या फौंड्रीत.

तिथं भट्टीला हवा द्यायला एक जुना ब्लोअर होता, दोन पाकळ्यांचा. आमचे मिस्त्री, ज्यांना सगळे मामा म्हणायचे, मला तिथं घेऊन गेले आणि म्हणाले, "हवा कुठनं येत्या आणि कुठं जात्या ते आधी बघ. लॅपटॉप मग उघड." अमेरिकेतल्या रूट्स बंधूंनी १८६० मध्ये या यंत्राचं पेटंट घेतलं, तेव्हा मोटारगाडी जन्मालाही आली नव्हती. भट्ट्यांना आणि खाणींना हवा पुरवण्यासाठी ते विकलं जायचं. गाडीतला रूट्स पद्धतीचा सुपरचार्जर म्हणजे त्याचाच नातू. पाकळ्या हवा पकडतात आणि पुढे ढकलतात, आत दाबत नाहीत. दाब तयार होतो तो पुढच्या पाइपात हवा कोंबली गेल्यामुळे, आणि या कोंबाकोंबीत हवा तापते. मी डिलिव्हरीच्या पाइपाला हात लावला आणि झटकन मागे घेतला. तो माझा पहिला धडा.

आकड्यात सांगतो. बाहेर ३० अंश आहे आणि दाब दीडपट करायचा आहे. ब्लोअरची कार्यक्षमता ६० टक्के धरली तर बाहेर पडणारी हवा ९० अंशांच्या आसपास जाते. म्हणून ती गार करायला इंटरकूलर लागतो. तापलेली हवा आत गेली की पेट्रोल ठिणगीच्या ज्वाळेची वाट न बघता कोपऱ्यात आपोआप पेटतं. यालाच आपण नॉकिंग म्हणतो. पिस्टनच्या रिंगांमधली बारीक कड त्या धक्क्यांनी तुटते. नव्या माणसाला वाटतं बूस्ट, म्हणजे ब्लोअरनं वाढवलेला दाब, जास्त झाला म्हणून इंजिन गेलं. बऱ्याचदा इंजिन जातं ते उष्णतेनं.

आता माझी चूक. बेळगाव समुद्रसपाटीपासून साडेसातशे मीटरवर. इथली हवा समुद्रकाठच्या हवेपेक्षा साधारण ८-९ टक्के विरळ. मी मॅप केला तो इथं. हायवेवर, वंटमुरीच्या चढाला, पहाटेच्या गारव्यात. सगळं झकास. मग मालक जांबोटी, कणकुंबी करत चोर्ला घाटातून गोव्याला गेले. खाली हवा दाट, दमट, शिवाय उकाडा. बेल्टवर चालणारा ब्लोअर आत येणाऱ्या हवेचा दाब ठरलेल्या पटीत वाढवतो, त्यामुळे बूस्टच्या गेजवर फरक दिसला जेमतेम ०.०५ बारचा. पण इंजिनात जाणारी हवा नऊ टक्क्यांनी वाढलेली. बेळगावात गाडी मॅपच्या ज्या रकान्यांपर्यंत कधी पोचलीच नव्हती, तिथं ती पोचली. ते रकाने मी शेजारचे आकडे ओढून भरले होते.

तरी नॉक सेन्सरनं वाचवायला हवं होतं. नॉकिंगचं कंपन ऐकू आलं की तो ठिणगीचं टायमिंग मागे खेचायला लावतो. इथं लाज वाटते, पण सांगतो. चाचणीत तो मधूनच टायमिंग मागे खेचत होता. मला वाटलं, जुन्या इंजिनाचा खडखडाट ऐकून फसतोय, म्हणून मी त्याची संवेदनशीलता कमी केली. राखणदाराला झोपेची गोळी दिली म्हणा. गाडी परत आली तेव्हा कॉम्प्रेशन मोजलं. तीन सिलिंडर १६० पीएसआयच्या आसपास, एक ९५. मामा काही बोलले नाहीत. प्लग तेवढा माझ्या तळहातावर ठेवला.

तेव्हापासूनचा माझा नियम असा: मालक गाडी कुठं चालवणार हे आधी विचारायचं, आणि मॅपचा शेवटचा हप्ता तिथं जाऊन करायचा. मिश्रण लॅम्बडात वाचायचं (१ म्हणजे आदर्श, त्याखाली म्हणजे इंधन जास्त), हवा-पेट्रोलच्या प्रमाणात नाही. शुद्ध पेट्रोलला १४.७ हे आदर्श प्रमाण. पंपावरच्या ई-२० ला (२० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल) ते साडेतेराच्या आसपास येतं, म्हणजे तेवढ्याच हवेला वजनानं जवळपास ९ टक्के जास्त इंधन लागतं. जुन्या गाडीचा पंप आणि इंजेक्टर ते देऊ शकतात का, हे मोजल्याशिवाय बूस्टला हात लावू नका. पूर्ण जोरात लॅम्बडा ०.८ च्या आसपास ठेवला तर इंजिन थंड राहतं. त्यासाठी वाइडबँड सेन्सर घ्या, तो नेमका आकडा देतो. नॅरोबँड फक्त इंधन जास्त की कमी एवढंच सांगतो, त्यावर ट्यूनिंग करणं म्हणजे अंधारात सुईत दोरा ओवणं.

बाकीच्या गोष्टी कंटाळवाण्या आहेत, पण गिऱ्हाईक टिकतं त्यांच्यावरच. बेल्ट झिजून चकाकायला लागला की वरच्या आरपीएमला घसरतो, बूस्ट पडतो, आणि नवशिका ट्यूनर मॅपमध्ये दोष शोधत बसतो. लहान पुलीवर बेल्टची मिठी कमी, म्हणून टेन्शनर आधी तपासा. बऱ्याच सुपरचार्जरच्या नाकाडात स्वतःचं वेगळं तेल असतं, वाटीभरही नाही, आणि ते बदलायचं असतं हेच लोकांना माहीत नसतं. प्लग एक नंबर थंड, गॅप थोडा कमी. आणि एअर फिल्टर! खानापूर, जांबोटीकडची तांबडी धूळ मैद्यासारखी असते. दिखाऊ, उघड्या फिल्टरमधून ती आत गेली की रोटरवर रेघोट्या पडतात. मी कंपनीचा बंद डबा परत बसवतो. गिऱ्हाईक नाराज होतं, होऊ दे.

ग्रिपचं गणित पोरांना कागदावर करायला लावतो. गाडी माणसांसकट १६०० किलो, निम्मं वजन मागे, म्हणजे ८००. कोरड्या डांबरावर चांगला टायर त्याच्या ०.९ पट ढकलू शकतो: ७२० किलो. ओल्यात वजनाच्या निम्मं धरा, ४००. इंजिनचा टॉर्क २८० न्यूटन मीटर, पहिला गिअर चारपट, डिफरन्शियल (मागच्या दोन चाकांना ताकद वाटणारा गिअर) तिप्पट, चाकाची त्रिज्या ३१ सेंटिमीटर. जोर येतो ११०० किलोच्या पुढे. निघताना वजन मागे सरकतं, त्यानं थोडी भर पडते, पण एवढी नाही. दुसऱ्या गिअरमध्ये अंदाजे ६६०. म्हणजे कोरड्यात दुसरा गिअर जेमतेम, पावसात अजिबात नाही. सुपरचार्जर टर्बोसारखा वाट बघायला लावत नाही, खालच्या आरपीएमलाच पूर्ण जोर देतो. त्यामुळे चाकं जागच्या जागी फिरतात, आणि साधं डिफरन्शियल असेल तर एकच चाक फिरतं, दुसरं मजा बघतं.

उपाय? पॅडलचा मॅप सौम्य करा, पहिल्या दोन गिअरला टॉर्क कमी द्या. टायरवरचे शेवटचे चार आकडे वाचा, आठवडा आणि वर्ष. सहा-सात वर्षांचं रबर नक्षी शाबूत असली तरी कडक झालेलं असतं. मागच्या सस्पेन्शनचे बुश बघा, मग अलाइनमेंट. रुंद टायर सगळ्यात शेवटी. आणि ऊस हंगामात संकेश्वर, निपाणीच्या बाजूला ट्रॉल्यांतून पडलेला ऊस चिरडून रस्ता चिकट-निसरडा झालेला असतो. त्याला मॅप नाही.

कायद्याचं थोडक्यात. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार कंपनीच्या मूळ नोंदीपेक्षा वेगळा बदल करता येत नाही, जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही हेच सांगितलं. नसलेल्या गाडीला सुपरचार्जरचं किट बसवून द्या म्हणणाऱ्याला मी हात जोडतो. रस्त्यावरची शर्यत तर वेगळा गुन्हा. जोर बघायचाच असेल तर कोइमतूरचा कारी ट्रॅक आहे, चेन्नईचा आहे.

आणि पोटापाण्याचं विचाराल तर महिन्याचा खर्च सर्व्हिसिंगवर निघतो. ब्रेक, क्लच, एसी. अशी गाडी वर्षातून दोन-चार वेळा दारात येते. पहिली दोन वर्षं मला लॅपटॉपला हात लावू दिला नव्हता. मल्टिमीटर, व्हॅक्यूम गेज, लीक शोधणं एवढंच. तेव्हा राग यायचा. कॉलेजात असाल तर बाहाच्या (विद्यार्थ्यांनी स्वतः गाडी बनवायची स्पर्धा) टीममध्ये घुसा. स्वतः जोडलेली गाडी मोडली की कारण शोधायची सवय तिथं लागते.

त्या इंजिनचा बोअर उद्यमबागेतल्याच एका अण्णांनी केला. मी घाई करत होतो, ते मायक्रोमीटर धरून कानडीत "निधान, निधान" (सावकाश, सावकाश) म्हणत राहिले, आणि चारही सिलिंडर तीन-तीन ठिकाणी मोजले. पैसे निम्मे मी भरले. मालक अजून गोव्याला जातात आणि मी अजून लॉग, म्हणजे गाडीनं नोंदलेले आकडे, मागवतो. मागच्या वेळी गोव्यातल्या साखळी गावाच्या पुढे इंटेकची हवा ६१ अंश, टायमिंग कुठंही मागे खेचलेलं नाही. मागचे टायर मात्र संपलेत.