सकाळची पहिली २० मिनिटं: वर्कशीट नको, डबे ठेवा

प्राथमिकच्या वर्गात सकाळी काय चालतं ते शिकवणाऱ्यांना माहितीच आहे. एक मूल दहा मिनिटं आधीच येऊन बसलंय, दोघं दारात बॅगेशी झटापट करतायत, एकाला पेन्सिलला टोक करून हवंय, एक रडवेलं आहे कारण घरी काहीतरी झालंय, आणि तुमच्या टेबलावर हजेरी, चिठ्ठ्या, गृहपाठाच्या वह्या असं सगळं एकदम. मग आपण काय करतो तर फळ्यावर चार गणितं लिहितो किंवा वर्कशीट वाटतो, म्हणजे निदान शांत बसतील. मीही बरीच वर्षं हेच केलं. पण होतं काय, की हुशार मुलाचं चार मिनिटांत संपतं आणि ते येऊन विचारतं "झालं, आता काय करू?", ज्याला जमत नाही ते पहिल्याच गणितावर अडकलेलं असतं, आणि उशिरा आलेल्याला तर कळतच नाही कुठून सुरू करायचं. दिवसाची सुरुवातच "माझं राहिलं"ने.

हाताने करायच्या गोष्टींचं एक बरं असतं, त्यांना शेवट नसतो. ठोकळ्यांचा मनोरा "पूर्ण" होत नाही, त्यामुळे कोणी मागे पडत नाही आणि कधीही थांबता येतं. सगळी गंमत यातच आहे.

आधी डबे भरा, पण विचार करून

झाकणाचे, मुलांना स्वतः उघडता येतील असे प्लास्टिकचे डबे घ्या. आत काय ठेवायचं यासाठी माझे तीनच प्रश्न असतात: हे मला समजावून सांगावं लागेल का? मध्येच सोडता येईल का? दोन मिनिटांत आवरून होईल का? पहिल्याचं उत्तर "हो" आलं किंवा बाकीच्या दोनपैकी एकाचं "नाही" आलं, तर ती वस्तू सकाळसाठी नाही, दुपारी काढा.

माझी सगळ्यात आवडती वस्तू म्हणजे पॅटर्न ब्लॉक्स, ते रंगीत चपटे आकार असतात ना, पिवळा षटकोन, हिरवा त्रिकोण वगैरे. मुलं नुसती फुलं-चांदण्या करत बसतात असं वाटतं, पण दोन लाल तुकडे जोडले की पिवळा झाकला जातो, निळे तीन लागतात आणि हिरवे सहा, हे त्यांना आपोआप सापडतं. पुढे अपूर्णांक शिकवताना "लाल म्हणजे पिवळ्याचा अर्धा" एवढं म्हटलं तरी पुरतं, कारण हाताला ते आधीच माहिती असतं.

जोडायचे प्लास्टिकचे ठोकळे तर हवेतच. लेगोचे आठ टिकल्यांचे एकाच रंगाचे दोन ठोकळे २४ प्रकारे जोडता येतात, आणि सहा घेतले तर ९१,५१,०३,७६५ प्रकारे! हा आकडा मी मोठ्या मुलांना सांगते, मग ती "मॅडम, माझं कोणासारखंच नाहीये" म्हणत दाखवायला येतात. फक्त एका डब्यात खूप भरू नका, ४ मुलांना शंभरेक ठोकळे पुरे, जास्त असले की करणं कमी आणि चिवडणं जास्त.

क्ले घरी करायची असेल तर २ कप मैदा, १ कप मीठ, चमचाभर तेल आणि साधारण १ कप पाणी, पाणी मात्र थोडं थोडं घाला नाहीतर चिकट लगदा होतो. घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. वर्गात कोणाला गव्हाची ॲलर्जी आहे का हे आधी विचारा, मैदा म्हणजे गहूच.

बाकी टॅनग्रामचे (एक चौरस कापून केलेलं आकारांचं कोडं) ७ तुकडे, दोरी ओवायची कार्डं, चिमट्याने उचलायचे कापसाचे गोळे, डॉमिनो, कागदी कप (२१ कप असले की सहा मजली मनोरा होतो). पहिली-दुसरीला ओवणं आणि चिमटा नक्की द्या, पेन्सिल धरायला लागणारे बोटांचे स्नायू यातच तयार होतात.

काय नको: चमकी, स्लाइम, आवाज करणारी खेळणी. आणि छोटे सुटे जोरदार लोहचुंबक तर अजिबातच नको, असे दोन गिळले गेले तर आतड्याच्या भिंती मध्ये चिमटून गंभीर इजा होते.

गट आणि फिरती

२८ मुलं असतील तर चार-चारचे ७ गट, ७ डबे, आणि एक जादा डबा कपाटात. "सोमवारी क्ले, मंगळवारी ठोकळे" असं वाराला बांधू नका, सुट्टी आली की सगळं विस्कटतं आणि "आमची क्ले बुडाली" म्हणून भांडणं. त्यापेक्षा भिंतीवर गटांच्या चिमट्या लावा, रोज एक घर पुढे सरकवा, सात शाळेच्या दिवसांत सगळ्यांना सगळं मिळतं. मुलं जागेवर, डबे फिरतात, हे मला बरं पडतं.

पहिला आठवडा: फक्त आवरायला शिकवा

इथे बहुतेक जण चुकतात (मी तर पहिल्याच दिवशी सातही डबे उघडले होते, पुढचं विचारू नका). पहिले दोन दिवस सगळ्या वर्गाला एकच वस्तू द्या. आलं की बॅग जागेवर, हजेरीच्या पाटीवर स्वतःचं नाव उलटं करायचं, मग डबा. आणि आवरायची चक्क प्रॅक्टिस घ्या, तीन-चार वेळा, काढा-भरा-काढा-भरा. झाकणावर आतल्या वस्तूचा फोटो चिकटवा म्हणजे वाचता न येणाऱ्यालाही कळतं. संपायच्या ३ मिनिटं आधी घंटी किंवा एखादी ठरावीक धून, आणि ती रोज तीच. अचानक "चला बंद करा" म्हटलं की रडारड होणारच, आपलंही काम कोणी असं मध्येच ओढून घेतलं तर आपल्याला आवडेल का!

कोणाचं मस्त काही बनलं आणि मोडवत नाही, तर खिडकीपाशी एक फळी "उद्यापर्यंत थांबा" म्हणून ठेवा. एका गटाची एकच वस्तू, एकच दिवस.

तुम्ही त्या वेळात काय करायचं

हजेरी, चिठ्ठ्या उरकल्या की खुर्चीतून उठा आणि एका गटाजवळ जाऊन बसा. शिकवू नका, प्लीज. "हे किती झाले?" असं विचारलंत की त्याचं परत वर्कशीट झालं. नुसतं बघा, कोण बोटाने शिवल्याशिवाय मोजू शकत नाही, कोण मुठीत चिमटा धरतंय, कोण रोज एकटंच कडेला बसतंय. सकाळी रडवेल्या आलेल्या मुलाशी दोन वाक्यं बोलायला मला दिवसभरात हीच वेळ मिळते.

चौथी-पाचवीची मुलं "हे लहान मुलांचं आहे" म्हणतात, त्यांना पेंटोमिनो द्या. पाच-पाच चौरस जोडून केलेले वेगवेगळ्या आकारांचे १२ तुकडे, ६ बाय १० चौरसांच्या आयतात सगळे बसवायचे. याची २,३३९ उत्तरं आहेत, तरी एक सापडायला कितीतरी सकाळी जातात! ३ बाय २०च्या आयतात मात्र फक्त दोनच. किंवा एक कागद आणि दोन पुस्तकं, मध्ये पूल करायचा आणि त्यावर नाणी ठेवायची. सपाट कागद लगेच वाकतो, पंख्यासारख्या घड्या घातल्या की तोच कागद बरंच वजन पेलतो, हे त्यांचं त्यांना सापडू द्या, सांगून टाकू नका.

पालक कधीतरी विचारतात, "सकाळी नुसतं खेळतात का?" तेव्हा सांगायला बरं, की बालवाडीची कल्पना आणणाऱ्या फ्रोबेल या शिक्षणतज्ज्ञाने १८३७ मध्ये जर्मनीत लहान मुलांची शाळा काढली तिथे लाकडी ठोकळे हे शिकण्याचंच साहित्य होतं, म्हणजे हे काही कालचं फॅड नाही. त्याहून उत्तम म्हणजे त्या पालकांना एक दिवस सकाळी वर्गात बसवा.

डबा जुना झाला, कंटाळले, असं वाटलं तर लगेच नवीन आणायला धावू नका. आत एक कार्ड टाका, "डोळे मिटून बनव", "फक्त ७ तुकडे वापर", बास, परत आठवडाभर चालतो. आणि एक छोटी डबी दारापाशी ठेवा, जमिनीवर सापडलेला कुठलाही तुकडा त्यात. दर आठवड्याच्या शेवटी दोन मुलं ती रिकामी करून तुकडे आपापल्या डब्यात घालतात. ही ड्युटी मिळावी म्हणून माझ्या वर्गात वेटिंग लिस्ट असते.