गावाच्या पाण्याचा ताळेबंद : स्थानिक संस्थांनी तो कसा मांडावा

पाणलोटाची कामे करणाऱ्या संस्था बंधारे बांधतात, चर खोदतात, झाडे लावतात. पण अडवलेले पाणी कोण, किती आणि कशासाठी वापरणार याची चर्चा झाली नाही, तर दोन-तीन वर्षांत नव्या विहिरी आणि बोअरवेल ते पाणी उपसून मोकळे होतात. पावसाचे दिवस कमी आणि सरी जोरदार होत असताना हा धोका आणखी वाढतो. म्हणून बंधाऱ्याच्या जोडीने दरवर्षी पाण्याचा ताळेबंद, म्हणजे मिळालेल्या आणि लागणाऱ्या पाण्याचा हिशेब, मांडणे हे संस्थेचे मुख्य काम मानावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

सुरुवात पर्जन्यमापकापासून करावी, कारण तालुक्याच्या ठिकाणचा आकडा आपल्या शिवाराला लागू पडेलच असे नाही. मापक झाडे आणि भिंतींपासून दूर, मोकळ्या जागी बसवावा आणि रोज सकाळी साडेआठ वाजता नोंद घ्यावी. ही जबाबदारी संस्थेच्या कार्यकर्त्याने स्वतःकडे न ठेवता शाळेतील मुले किंवा बचतगटातील महिला यांच्याकडे द्यावी आणि आकडा चावडीवरच्या फळ्यावर रोज लिहावा. एकूण पावसाबरोबरच अडीच मिलिमीटर किंवा त्याहून अधिक पाऊस झालेले दिवसही मोजावेत, कारण एकाच दिवशी कोसळलेले साठ मिलिमीटर बहुतांशी ओढ्याने वाहून जातात.

दुसरी नोंद विहिरींची. शिवारफेरी काढून ओढ्याच्या वरच्या, मधल्या आणि खालच्या अंगाच्या काही विहिरी ठरवाव्यात. प्रत्येक विहिरीच्या कठड्यावर रंगाने एक खूण करावी आणि वजन बांधलेला टेप दरवेळी त्याच खुणेपासून सोडावा. मोजणी पहाटे, मोटर सुरू होण्यापूर्वी करावी. उपसा चालू असताना घेतलेली पातळी फसवी असते. मे महिन्यातील आणि पावसाळा संपल्यानंतरची पातळी यांतील फरक हा त्या वर्षी जमिनीत किती पाणी साठले याचा सर्वांत प्रामाणिक पुरावा असतो.

आता हिशेब. एका हेक्टरवर एक मिलिमीटर पाऊस पडला की दहा हजार लिटर पाणी मिळते. समजा शिवार ८०० हेक्टर आहे आणि पाऊस ४५० मिलिमीटर झाला, तर एकूण ३६० कोटी लिटर पाणी पडले. हा आकडा ऐकून लोक सुखावतात, पण आपल्याकडील काळ्या पाषाणात त्याचा दहावा भाग मुरला असे धरले, तर भूजलात ३६ कोटी लिटरच येतात. (बंधाऱ्यांतील साठा वेगळा मोजून यात मिळवावा आणि खरिपात झालेला उपसा वजा करावा.) दीड हजार माणसांना दररोज ५५ लिटरप्रमाणे वर्षाला सुमारे तीन कोटी आणि सहाशे मोठ्या जनावरांना प्रत्येकी ५० लिटरप्रमाणे सुमारे एक कोटी लिटर लागतात. हे चार कोटी प्रथम बाजूला काढावेत; त्यांवर चर्चा नसावी. उरलेल्या ३२ कोटींत, हेक्टरी दोन कोटी लिटर धरल्यास, ऊस जेमतेम १६ हेक्टर होईल. तेच पाणी रब्बी ज्वारीला प्रत्येकी ७५ मिलिमीटरच्या दोन संरक्षित पाळ्या (पीक वाचवण्यापुरते पाणी) देण्यासाठी वापरले, तर दोनशे हेक्टरांहून अधिक क्षेत्र भिजेल. हे दोन आकडे शेजारी शेजारी लिहावेत.

ताळेबंद ग्रामसभेपुढे मांडण्याची वेळ फार महत्त्वाची आहे. २ ऑक्टोबरची ग्रामसभा सोयीची पडते, कारण तोवर पावसाचा अंदाज आलेला असतो आणि रब्बीची सर्व पेरणी उरकलेली नसते. त्याआधीच्या महिला ग्रामसभेत आकडे आवर्जून वाचावेत. उन्हाळ्यात हंडा कोणाच्या डोक्यावर येतो हे तिथे सांगावे लागत नाही. आकडे गावातल्याच माणसाने वाचावेत, सहायक कृषी अधिकारी (पूर्वीचे कृषी सहायक) आणि ग्रामपंचायत अधिकारी (पूर्वीचे ग्रामसेवक) उपस्थित असावेत आणि ठराव इतिवृत्तात नोंदवून घ्यावा.

खरी कसोटी वाटपाची आहे. अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्यातील हिवरे बाजार या गावाने दरवर्षीच्या ताळेबंदाला ऊस आणि केळी यांवरील बंदीची, तसेच शेतीसाठी बोअरवेल न घेण्याच्या नियमाची जोड दिली. पुरंदर तालुक्यात विलासराव साळुंखे यांनी १९७२ च्या दुष्काळानंतर उभ्या केलेल्या पाणी पंचायतीने पाण्याचा वाटा जमिनीवर नव्हे, तर कुटुंबातील माणसांच्या संख्येवर ठरवला आणि भूमिहीनांनाही हक्क दिला. एवढी मोठी झेप प्रत्येक गाव पहिल्याच वर्षी घेणार नाही. त्यामुळे पहिल्या वर्षी नवी बोअरवेल न घेणे आणि पिण्याच्या विहिरीजवळचा उपसा फेब्रुवारीनंतर थांबवणे, एवढ्या दोन ठरावांवर सहमती झाली तरी ती स्वीकारावी.

संपूर्ण गाव तयार नसेल, तर एकाच ओढ्यावरील आठ-दहा विहिरीधारकांचा गट करून त्यांच्यापुरता ताळेबंद मांडावा. मे महिन्यात त्याच खुणांपासून पुन्हा टेप सोडावा आणि गटातील व गटाबाहेरील विहिरींच्या पातळ्या फळ्यावर शेजारी शेजारी लिहून ठेवाव्यात, म्हणजे पुढच्या वर्षीच्या बैठकीसाठी गावाचा स्वतःचा पुरावा हाती राहील.